थाकाडू

पहिली फेरी उतरण्यासाठी नसते,
विचारण्यासाठी असते.
दोनशे फुटांवरून मी विचारते, कोण आहे खाली?
उत्तर येतं: चार झेब्रे.
किंवा नुसतीच धूळ.
किंवा ओतेंग, हातात लाल फडकं घेऊन,
बायकोच्या जुन्या स्कर्टचं.

माउनपासून पंचेचाळीस मिनिटं.
नऊशे मीटर मुरूम,
या टोकाला मोपानीची झाडं, त्या टोकाला
वाऱ्याचा मोजा, अंगठ्यापाशी फाटलेला.
कंट्रोल टॉवर म्हणजे ओतेंगची सायकल.
ती झाडाला टेकलेली दिसली की समजायचं,
इम्पाला हाकलून झालेत.

विमानविद्येच्या शाळेत सांगितलं होतं,
पक्षी समोर आला तर तो खाली बुडी मारतो,
तुम्ही वर जा.
गिधाडांना हे कुणी सांगितलेलं नाही.
टिटवी तर जागची हलतच नाही,
धावपट्टीच्या मधोमध तीन अंडी,
आणि अख्ख्या सेसनावर ती एकटी ओरडते.
ओतेंगने तिच्याभोवती दगड मांडलेत, चुना फासून.
तेवढं डावीकडून घ्यायचं.

एका मंगळवारी पट्टी साफ होती,
शेळीसुद्धा नाही.
तरी तो फडकं हलवत धावत आला.
मागे दोन जर्मन, लशींचा खोका, टोमॅटो,
शाळेसाठी एक पितळी घंटा,
वळण घेताना आपोआप वाजणारी.
मी शिव्या दिल्या. सेत्स्वानात, म्हणजे जर्मनांना कळू नयेत.
पुन्हा वर गेले.
तेव्हा दिसला खड्डा,
उन्हात काळा, एखादं तोंड उघडं राहावं तसा.
बावीस मिनिटं मी वर गोल फिरत राहिले
आणि तो खाली फावडं मारत राहिला.
गावात मयत होती, उशीर झाला, म्हणाला नंतर.
माफी मागितली नाही.
मीही शिव्यांचं सांगितलं नाही.

थाकाडू, म्मा.
मुरुमाखाली वाळवी आहे, वाळवीमागे थाकाडू,
त्याने सोडलेल्या बिळात सुळेवाला डुक्कर राहायला येतो,
डुकरामागे बिबट्या,
आणि बिबट्या बघायला
तू ही माणसं घेऊन येतेस.
मग खड्डा कुणाचा, सांग.

तू पाहिलायस त्याला?
एकदा. शेपूट.

जुलैत गिनी कोंबडी पंख्यात आली.
उतरताना, शेवटच्या क्षणी,
कळपातली एकच उलट फिरली.
आवाज असा, की कुणी ओली गोधडी आपटली.
काचेवर ठिपक्याठिपक्यांचं एक पीस चिकटून राहिलं,
तेवढंच नीट ओळखता येण्यासारखं.
मेकॅनिक उद्या येणार होता.
ओतेंगच्या बायकोने विचारलं, कोंबडीचं उरलंय का काही?
मग तीच हसली.

रात्री मी पंखाखाली झोपले.
थंडी अशी, की अल्युमिनियम अधूनमधून टकटकत होतं.
दूर तरस.
मग जवळ, फार जवळ,
खरवड खरवड, थांबणं, फुंकर,
पुन्हा खरवड.
टॉर्च उशाशी होता.
हात तिथवर गेला आणि मी तो परत पांघरुणात घेतला.
का, ते विचारू नका.
बाराशे तासांची वैमानिक मी,
माझ्याच विमानाखाली
श्वास धरून पडून राहिले.

सकाळी पुढच्या चाकापासून दोन पावलांवर
मांडीइतका खोल, ताजा, गार,
मातीला वाळवीचा आंबूस वास.
काठावर नखांच्या रेघा.
ओतेंग सायकलवरून उतरला,
खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
फावडं माझ्या हातात दिलं
आणि टिटवीची अंडी मोजायला निघून गेला.

चोवीस फावडी लागली.
वरून बुटांनी दाबलं, पाणी मारलं, पुन्हा दाबलं.
दुपारी मेकॅनिक हो म्हणाला.

वेग घेताना तिथेच चाकाला
एक मऊ हिसका बसतो,
दाबली तरी माती जरा खचतेच.
नंतर चाकांचा आवाज थांबतो.
खाली लाल फडकं सायकलच्या हँडलला बांधलेलं,
आणि मोकळ्या पट्टीवर
मोपानीतून सावकाश बाहेर येणारे झेब्रे.